पोखर्णीचं अंगाई-कीर्तन

मैथिलीचं लहानपणापासून हे असंच. डोळे उघडे, पण बाई जागेवर नाही. शाळा सुटली की स्वतःची गल्ली सोडून पुढच्या गल्लीत शिरायची आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून त्यांच्या मांजराशी गप्पा मारत राहायची. दुधावर लक्ष ठेवायला उभी करावी, तर दूध उतू जायचं आणि ही त्या उतू जाणाऱ्या दुधाकडेच टक लावून बघायची. "अगं, गॅस बंद कर की!" आई ओरडायची. "किती हळू वर येतं गं ते," ही म्हणायची. आता अशा पोरीला रागवावं तरी कसं, सांगा.

परभणीतलं ते घर सगळं मास्तरांचं. वडील मास्तर, आई मास्तरीण, जेवताना सुद्धा एकमेकांच्या चुका काढणार. मैथिलीही बीएड झाली आणि घरीच शिकवण्या घेऊ लागली. पण तिचा जीव होता वरच्या खोलीत, प्रभावती आत्याकडे. आत्या शाळेतून निवृत्त झालेली. नोकरी होती तेव्हा दर उन्हाळ्याच्या सुटीत ती नऊवारी नेसून, कंबरेला शेला बांधून गावोगाव कीर्तनं करत हिंडली. पोरगी वेंधळी नाही, तिच्या डोक्यात सारखी कुठली तरी गोष्ट चालू असते, हे आत्यानेच ओळखलं. मग तिने हिच्या हातात झांज दिली आणि शिकवायला घेतलं.

पहिलं कीर्तन मिळालं ते पोखर्णीला, नृसिंहाच्या उत्सवात. नवख्या माणसाला वेळ कुठली देतात माहीत आहे ना? दुपारची. पंगत उठलेली, वरणभात, पुरी आणि बुंदी पोटात, वैशाखाचं ऊन मंडपाच्या कापडातून पिवळं होऊन खाली उतरलेलं, आणि कोपऱ्यात एक कूलर घुरघुरत बसलेला. अशा वेळी मोठमोठे गडी हात टेकतात. मैथिलीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यातून तिने आख्यान निवडलं ते स्वतःचं, मनाने रचलेलं.

खांबातून देव आला, दैत्य संपला, हे तर शेंबडं पोरही सांगेल. मैथिलीला त्याच्या पुढचं दिसत होतं. दैत्य संपला, पण देवाचा राग कुठे संपला? तो तसाच निघाला, रानोमाळ, काळ्या भेगाळलेल्या जमिनीवरून. जाईल तिथे झाडांची पानं करपत होती. बाकीचे देव दारं लावून बसले. असा चालत चालत तो एका पोखराशी, म्हणजे लहानशा तळ्याशी आला. काठावर लिंबाच्या सावलीत एक मेंढरं राखणारी बाई लोकर कातत बसली होती. तिने काही त्याला ओळखलं नाही. तिला दिसला एक दमलेला चेहरा. "बस की सावलीला," ती म्हणाली आणि मेंढरांसाठी गुणगुणत होती तेच गुणगुणत राहिली. देव बसला. मेंढरांचा श्वास, पाण्यावरचं वारं, बाईचा आवाज. देवाच्या पापण्या जड झाल्या, आणि सगळ्या त्रिभुवनाला न आवरलेला राग झोपेत विरून गेला. कुठल्या पोथीत नव्हतं हे. किती महिने लागले होते तिला. त्या पापण्या मिटतात कशा, एवढंच सांगायला तिने आठवडे घालवले.

आणि तिने सांगितलंही ते तसंच. आवाज खाली खाली नेत, एकेक शब्द पाण्यात सोडल्यासारखा. शेवटी 'श्रोतेहो, तात्पर्य काय' म्हणून मोठ्याने समजावलं, आरती झाली.

कीर्तनाची एक रीत आहे. मध्ये थांबून कीर्तनकाराच्या गळ्यात हार घालतात, कपाळाला बुक्का लावतात आणि सगळे त्याच्या पाया पडतात. मग तो केवढा का लहान असेना, आजोबाच्या वयाची माणसंही वाकतात. नारदाच्या गादीवर उभा आहे तो. त्या हाराचा मान असा, की तो गळ्यात असेपर्यंत कुणी वाकडा शब्द काढत नाही. काय बोलायचं ते हार उतरल्यावर.

मैथिलीने हार उतरवून देवापुढे ठेवला, आणि पेटीवाले रंगनाथकाका उठून जवळ आले. आत्याच्या बरोबरीचे, कित्येक कीर्तनकारांना पेटीवर साथ केलेले. मघाशी तेही वाकून पाया पडले होते.

"मैथिली, राग मानू नकोस. कीर्तन म्हणजे जागर. लोकांना जागं करायचं असतं. तू निजवलंस त्यांना."

"कुणाला, काका?"

"कुणाला काय विचारतेस? अर्धा मंडप आडवा झाला होता. तबलजीने दोनदा जांभई दिली. तू बघत होतीस कुठे?"

खरंच, बघत होती कुठे? ती पोखराच्या काठावर होती. तिला मंडप दिसलाच नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. परभणीला पोचेपर्यंत फोटो पोचला होता. कुणीतरी मागून काढलेला. दूर, धूसर, हात पसरून उभी असलेली मैथिली आणि पुढे चार रांगा झोपलेली माणसं. कुणाची मान मागे, कुणाची पुढे. अगदी पुढे एक म्हातारी, शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड चांगलं उघडं. खाली लिहिलेलं: 'पोखर्णीत भरदुपारी अंगाई-कीर्तन. झोप येत नसेल तर संपर्क साधा.' झालं! हा ग्रुप, तो ग्रुप. शिकवणीच्या पोरांच्या आयांनी हसून हसून पुढे पाठवला.

मैथिलीने ते शेरे किती वेळा वाचले, काही विचारू नका. आंघोळ करताना ती मनातल्या मनात एकेकाला उत्तरं द्यायची, आणि अशी बिनतोड उत्तरं, की समोरचा गारच पडावा. टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत सगळी विसरायची. जेवण उतरेना. रात्री फोन उशीखाली, सकाळी पुन्हा हातात. "काय बघायलीस सारखं?" आई विचारायची. "काही नाही," म्हणून ही खिडकीपाशी जाऊन बसायची. आतापर्यंत तिथे बसलं की गोष्टी यायच्या. आता नुसता तो फोटो यायचा. या गोष्टीने ती खरी घाबरली. लोक हसले याचं दुःख होतंच, पण पोखर दिसेना, त्याचं काय करायचं? ते दिसायचं बंद झालं तर तिच्यापाशी दुसरं होतं काय!

तेवढ्यात सेलूहून बोलावणं आलं. तिथल्या एका मंदिराच्या उत्सवात कीर्तन, तेही संध्याकाळचं, मानाच्या वेळेचं. आत्याची जुनी ओळख, म्हणून पुतणीला संधी. पत्रिका छापायला द्यायची होती. आख्यानाचं नाव कळवा, एवढाच निरोप होता.

"हे बघ," रंगनाथकाका म्हणाले, "सेलूचे लोक म्हणजे बाजारपेठेचे लोक. जरा ढिलं पडलं की उठून जातात. चाललेलं, घोटलेलं आख्यान घे. दर थोड्या वेळाने एक विनोद. आवाज वर. सारखं टाळ्यांवर घ्यायचं त्यांना. इथे पडलीस तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, लिहून ठेव."

"काकांचं खोटं आहे का, आत्या?" मैथिलीने विचारलं.

"रंगनाथ खोटं कधी बोलत नाही," आत्या म्हणाली. "पण त्याला सगळं दिसतं असंही नाही. त्याचं अर्धं लक्ष पेटीत असतं."

मैथिलीने काकांचं ऐकायचं ठरवलं. चाललेलं, घोटलेलं आख्यान घेतलं. आरशासमोर हातवारे केले. सासू-सुनेचे, मोबाइलचे, नवरोबांचे विनोद गोळा केले. आवाज असा वर नेला, की खालच्या दुकानदाराने येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? मग एका सकाळी तिने ते अख्खं आत्यापुढे करून दाखवलं. आत्या पलंगावर टेकून बसली होती. डोळ्याला डोळा नाही लागला तिचा. विनोदाला हसली, टाळ्यांच्या जागी टाळ्या दिल्या.

"छान झालं," शेवटी म्हणाली. "कुणाचं आहे?"

 मैथिली उठली आणि खाली गेली. दार लावून रडली, चांगली हुंदके देऊन रडली. अंगाई म्हटल्याचं लागलं होतं, पण हे जास्त लागलं.

रडून झाल्यावर पुन्हा फोटो उघडला. या वेळी मात्र तिची नजर स्वतःवरून निघून त्या पुढच्या म्हातारीवर गेली. आपलं ठीक आहे, आपण हौसेने उभ्या राहिलो, आपल्याला हसोत. पण या बाईने काय केलं होतं? बिचारी देवाला आली, जेवली, बसली, आणि अख्खा जिल्हा तिच्या उघड्या तोंडाला हसतोय. आपल्यापायी. मैथिलीला इतकं ओशाळं वाटलं, की तिने चप्पल घातली आणि सरळ पोखर्णीची बस धरली. निघताना आत्याने जिन्यातून हाक मारली, "अगं, सेलूवाले दुपारी फोन करणार आहेत. आख्यानाचं नाव काय सांगू?" "तू मला फोन कर," मैथिली रस्त्यावरूनच म्हणाली.

उत्सव उरकलेला होता. मंडपाचे नुसते खड्डे राहिले होते. मंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या सुमनबाईला तिने फोटो दाखवला. "ही व्हय! ही तर भिवराबाई. येडबा धनगराची," सुमनबाई म्हणाली आणि फुलांचा हात तसाच वर करून तिने वाट दाखवली.

घर रस्त्यापासून थोडं आत, शेतांच्या कडेला होतं. पुढे पत्र्याचा आडोसा, त्याला लागून काटेरी कुंपणाचा वाडगा. वाडग्यात एकही मेंढरू नव्हतं. आत वाळलेल्या लेंड्या आणि दुपारची शांतता. लिंबाखाली बाजेवर भिवराबाई बसली होती, पाय खाली सोडून, कुठेतरी बघत. मैथिलीला ती नजर ओळखीची वाटली.

"भिवराबाई, मी परभणीची. कीर्तन केलं होतं ना दुपारी, ती."

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला, की मैथिली गोंधळलीच. "आगं माय! ती व्हय तू? दीपिका, ए दीपिका, च्या ठिव. झोपेवाली बाई आली बग!"

आतून सून हसत आली, पाण्याचा तांब्या घेऊन. मैथिलीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने कसंबसं सुरू केलं. फोटोचं, लोकांच्या हसण्याचं, माफ करा म्हणायला आले त्याचं.

"माफी कशाची?" भिवराबाई म्हणाली. "फोटू बगितला की मी. दीपिकानं दावला. माजं तोंड बग कसं, गुहाच! फोटू हाय म्हनून तर खरं वाटायलंय मला. न्हाईतर वाटलं आसतं, सपानच पडलं."

दीपिका तांब्या खाली ठेवून हळू आवाजात सांगू लागली. "ताई, मामंजी गेले थंडीत. मग मालक म्हणाले, मेंढरं कोण बघणार? ते सेलूला जिनिंगवर कामाला जायलेत. विकून टाकली. तव्हापासून मामींना झोपच न्हाई. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. नुसत्या बसून राहतात बघा."

"रातभर त्यांचं रवंथ ऐकू यायचं," भिवराबाई म्हणाली. "शंभर तोंडांचं. आता कानात काईच न्हाई. आन् तसं बगितलं तर मी कव्हा धड निजलेच न्हाई. लांडगा यील, चोर यील. येडबा निजायचा, मी अर्ध्या डोळ्यानं. मेंढरं गेली, पर डोळा काई मिटंना. त्या दिशी तुज्यासमोर मिटला."

मैथिलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्या कीर्तनाबद्दल बरं बोललं होतं. तिला वाटलं, या बाईला कळली गोष्ट. रंगनाथकाकांना नाही, ग्रुपवाल्यांना नाही, हिला कळली.

"गोष्ट आवडली का मग?" तिने विचारलं.

"कंची गोष्ट?"

"तीच. कीर्तनातली. देव पोखराशी येतो ती."

"पोखर आलं तवर ऐकलं बाई. फुडचं काई म्हाईत न्हाई. तू शेवटाला वरडायला लागलीस तव्हा जाग आली. काय झालं फुडं?"

घ्या! मैथिलीला हसावं की रडावं कळेना. ती हसली. मग बाजेच्या कडेला टेकली आणि सांगू लागली. टाळ नाही, पेटी नाही, नुसती समोर बसून. लिंबाची सावली हलत होती. लांब कुठेतरी ट्रॅक्टरचा आवाज होता, तोही झोपाळलेला. बोलता बोलता मैथिलीला पाणी दिसलं. काठ दिसला, लोकर कातणारी ती बाई दिसली. इतक्या दिवसांनी तिला पुन्हा ते सगळं दिसत होतं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने देवाच्या पापण्या अगदी सावकाश मिटवल्या.

भिवराबाई या वेळी झोपली नाही. टक्क जागी होती. कपाळाला आठ्या.

"देव निजला?"

"हो."

"आन् ती बाई?"

"ती तिथंच. गुणगुणत बसली. मेंढरं राखत."

"म्हंजी ती जागीच."

"हो, जागीच."

"मंग तिनं कव्हा निजायचं?"

  देवाच्या पापण्यांपायी मैथिलीने आठवडे घालवले, आणि त्या बाईच्या डोळ्यांकडे एकदाही बघितलं नव्हतं. बाईला सावलीत बसवली, देवाला झोपवायचं काम करून घेतलं, आणि तिथेच सोडून ही तात्पर्य सांगायला निघून आली होती. इतक्या लोकांनी इतकं काही म्हटलं, पण ही खोट कुणी काढली नव्हती. मैथिलीला शरम वाटली. पण ग्रुपवरचे शेरे वाचून वाटायची तसली नव्हे ती. या शरमेने जेवण थांबलं नसतं. उलट तिला भूक लागल्यासारखं झालं, पुढचं कळण्याची.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "थांबा हं. बघते काय झालं ते."

आणि तिने खरंच बघितलं. डोळे उघडे ठेवून, लहानपणी बघायची तसं. भिवराबाई वाट बघत बसली.

"देव जागा झाला," मैथिली हळूच म्हणाली. "ऊन कललं होतं. अंगातला राग गेला होता, आठवतही नव्हता. बघतो तर बाई तिथंच, डोळे लाल, जांभईवर जांभई. देव म्हणाला, बाई, जरा आडवी हो. मी बघतो मेंढरांकडं."

"त्याला काय येतंय राखायला?" भिवराबाई म्हणाली.

"तीही तेच म्हणाली. तो म्हणाला, शिकव की मग. तिने सांगितलं, ती काळी आहे ना, ती ज्वारीत घुसते, तिच्यावर नजर ठेव. कोकरांना पाण्याच्या काठाला जाऊ देऊ नको."

"पांगळी असंल एखांदी. तिला मागं टाकू नको म्हनावं."

"सांगितलं तिने. पांगळीसाठी थांबत जा, म्हणाली. देव हो म्हणाला. मग तिने घोंगडं अंथरलं."

भिवराबाईने पाय वर घेतले. दीपिकाने आतून उशी आणून तिच्या डोक्याखाली सरकवली.

"मेंढरं आधी बिचकली. सिंहाचं तोंड ना. पण त्याच्या अंगाला रागाचा वास राहिला नव्हता. एक जवळ आलं, मग दुसरं. देवाने हातात काठी घेतली. उभा राहिला. लांडगा लांबून बघून परत गेला. बाई म्हणाली, अंधार पडला की उठव मला. देव म्हणाला, नाही उठवणार. आज मी आहे. सगळी बसली आता. रवंथ करायलीत. ऐक."

मैथिली थांबली. या वेळी तिने तात्पर्य सांगितलं नाही. म्हातारीचं तोंड हळूहळू उघडलं होतं, आणि छाती सावकाश वर-खाली होत होती.

दीपिका दोन कप घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. सासूकडे बघत तिने पदर तोंडाला लावला. मैथिलीने मानेनेच खुणावलं, राहू दे. रस्त्यावर परभणीची बस येऊन थांबली, जरा वेळ घरघरली आणि निघून गेली. मैथिली उठली नाही. कडेला पडलेली एक काटकी तिने हातात घेतली आणि बाजेवर बसायला येणाऱ्या माश्या ती हलकेच हाकू लागली.

तेवढ्यात तिच्या मांडीवर फोन थरथरला. आत्या. पाठीमागे रंगनाथकाकांचा आवाज, "तिला म्हणावं, घोटलेलंच घे, ऐक माझं."

"मैथिली, सेलूवाले थांबलेत," आत्या मोठ्याने म्हणाली. "आख्यान कुठलं सांगू? काकांचं, की..."

"माझं सांग."

"काय? ऐकू येईना. अगं, जरा मोठ्यानं बोल की!"

मैथिलीने फोन ओठांजवळ धरला.

"माझंच सांग, आत्या. आणि हळू बोल गं. बाई झोपलीय."